पिशवीखालचा कागद

माझ्या घरात बाजारातून आलेली पिशवी थेट ओट्यावर ठेवलेली मला खपत नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, मग त्यावर पिशवी. सून नवीन होती तेव्हा तिला वाटलं, सासूबाईंना स्वच्छतेचं खूळ आहे. आता ती निमूट कागद पसरते, पण पसरताना गालातल्या गालात हसते. उभी नोकरी मी नर्सिंगच्या मुलींना हा कागद शिकवण्यात घालवली. तो मला स्वतःला कुणी शिकवला, हे मात्र मी घरात कधी सांगितलेलं नाही. संपादकांनी ‘नोकरीतलं काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा ऑपरेशन थिएटर आणि रात्रपाळ्या सोडून मला तो कागदच आठवला.

मी बेळगावच्या शहापूरची. आमच्या घरात हातमाग होता आणि मागावर बसण्याआधी हात धुतले नाहीत तर वडील घास गोड लागू द्यायचे नाहीत. लुगड्यावर डाग पडला की आठवड्याची मेहनत गेली, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आले. त्यामुळे नर्सिंगला गेल्यावर हात धुण्याचे धडे मला नव्यानं द्यावे लागले नाहीत. उलट मीच इतरांना देत सुटले. पुढे बेळगावातल्या एका नर्सिंग शाळेत ट्यूटर झाले आणि माझ्याकडे विषय आला तो गावागावांत जाऊन घरभेटी घेण्याचा. वॉर्डात पेशंट तुमच्या दारात आलेला असतो. घरभेटीत तुम्ही त्याच्या दारात उभ्या असता. हा फरक मी फळ्यावर दरवर्षी लिहायची. समजला मात्र उशिरा.

घरभेटीला जाणाऱ्या नर्सकडे एक काळी रेक्झिनची पिशवी असते. त्यात साबण, टॉवेल, एप्रन, थर्मामीटर, मलमपट्टीचं सामान, बाळंतपणाच्या कात्र्या, लघवी तपासायची काचेची नळी आणि स्पिरिटचा छोटा दिवा. ही पिशवी उघडायची एक ठरलेली रीत आहे. घरात शिरल्यावर आधी कागद पसरायचा, त्यावर पिशवी ठेवायची. वरून साबण-टॉवेल काढून हात धुवायचे, एप्रन चढवायचा, लागेल तेवढंच सामान काढून पिशवी बंद करायची. काम झालं की पुन्हा हात धुवायचे, सामान आत, आणि कागदाची घडी करून चुलीत. एका घरातली घाण दुसऱ्या घरात जाऊ नये एवढाच त्यातला मुद्दा. पण परीक्षेत मी तो मुद्दा कमी विचारायची आणि क्रम जास्त. कागद विसरला की पाच गुण कापायचे, आणि त्यावर अपील नव्हतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा वरून हुकूम आला, की यापुढे नर्सिंगच्या मुली एकट्या गावात जाणार नाहीत, त्यांच्याबरोबर वैद्यकीयचे आणि फार्मसीचे विद्यार्थीही जातील. पुढे ज्यांना एकत्र काम करायचंय त्यांनी एकत्र शिकावं, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. एका तुकडीत सहा जण. तीन माझ्या मुली, दोन भावी डॉक्टर, एक भावी औषधवाला. महिनाभर रोज सकाळच्या बसनं निपाणीच्या रस्त्यावरच्या एका गावात जायचं आणि दुपारी परत. गाव तंबाखूचं. नाव सांगत नाही, कारण त्या गावानं माझं काही वाईट केलं नाही.

पहिल्या आठवड्यात एकत्र शिकणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मुलगे पुढे चालायचे, मुली मागून पिशवी घेऊन. गावाच्या लेखी पँट घातलेला प्रत्येक जण डाक्टर आणि साडी नेसलेली प्रत्येक जण नर्सबाई. आमचा फार्मसीचा पोरगा तर या बढतीनं इतका खूश झाला, की एका आजोबांना गुडघेदुखीवर त्यानं अर्धा तास सल्ला दिला. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, ‘आता खरं काय करायचं सांग बाई.’

मी मग नियम केला, की पिशवी सहाही जणांनी आळीपाळीनं वाहायची आणि उघडायची, डॉक्टर असो वा कुणी. डॉक्टर मंडळींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यातला बसवराज धारवाडकडचा, कन्नड बोलणारा, हुशार आणि तोंडाचा फटकळ. त्याचं मराठी सहा महिन्यांपूर्वी हॉस्टेलात शिकलेलं. कागद पसरताना तो म्हणायचा, ‘हे सिस्टरचं सोवळं बघा.’ सगळे हसायचे. मीही हसायची. त्या शब्दात किती खरं दडलंय ते त्याच्याही ध्यानात नव्हतं आणि माझ्याही.

माझ्या तिघींतली छाया कांबळे निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला आणि घरी आल्यावर विड्या वळायला बसायची. छायानंही लहानपणी वळल्या होत्या. त्यामुळे बँडेज गुंडाळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, इतरांचं एक होईतो तिची तीन. बोलायची मात्र मोजकं. उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. मी तिच्या प्रगतीपत्रात ‘आत्मविश्वास कमी’ असं लिहून ठेवलं होतं. ट्यूटर लोकांना असं काहीतरी लिहायची सवय असते.

गावात आमचा तळ पाटलांच्या सोप्यात होता. सोपा म्हणजे घराची पुढची, दार असलेली मोठी ओसरी. मंगळवार सोडून रोज तिथं लहान मुलांची वजनं, गरोदर बायांची तपासणी चालायची. पाटलीणबाई अगत्याच्या. आम्ही गेलो की भरतकामाचं कव्हर घातलेली खुर्ची पुढे करायच्या, ‘पिशवी खाली कशाला, हितं ठेवा’ म्हणायच्या. मंगळवारी आम्ही गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्तीत घरभेटींना जायचो.

त्या वस्तीतच शेवंता होती. सातवा महिना. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात तिला झटके आले होते आणि मूल पोटातच गेलं होतं. ती स्वतः कशीबशी वाचली. आता पुन्हा पायावर सूज दिसत होती. नर्सिंगमधल्या कुणालाही हे ऐकून धडकी भरेल. गरोदरपणात रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर झटके येऊन आई आणि मूल दोघंही हातचे जातात. त्यावर पहिला उपाय म्हणजे दर आठवड्याला न चुकता रक्तदाब आणि लघवी तपासणं. पहिल्या मंगळवारी दुसऱ्या एका मुलीनं अंगणातल्या मातीवर कागद पसरून, बाजेवर बसवून तिला तपासलं. रक्तदाब जरा चढाच होता. दुसऱ्या मंगळवारीही तिथंच, आणि आणखी थोडा वर. तिसऱ्या मंगळवारी पाळी छायाची होती आणि ती पाळी परीक्षेची होती. गुणांचा तक्ता माझ्या हातात.

त्या दिवशी ऊन कडक होतं म्हणून शेवंता आत बसली होती. घर सारवून नुकतंच वाळलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो, त्याला ताजा हार. शेवंताची सासू बायजाक्का दाराशी तंबाखूची पानं निवडत होती. रोज पाटलांचं अंगण झाडून त्यांच्याच रानात ती कामाला जायची. तिनं छायाला गाव विचारलं, नाव विचारलं. छायानं सांगितलं तसा म्हातारीचा चेहरा फुलला. आपली पोर नर्स होतीय, याचं तिला कौतुक वाटलं. हातातली पानं बाजूला सारून तीही आमच्या मागून आत आली.

छाया खाली बसली आणि तिनं पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. कागद काढलाच नाही.

मला वाटलं, विसरली. पाच पोरं-पोरी बघत होती, परीक्षा चालू होती, आणि मी म्हणजे नियमांची पक्की. मी म्हटलं, ‘छाया, कागद कुठाय?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, आज ती मला स्वच्छ वाचता येते. तेव्हा मला फक्त विसरभोळी मुलगी दिसली. मी तक्त्यावर पाच गुण कापले आणि पुन्हा म्हटलं, ‘कागद.’ तिनं मान खाली घालून पिशवीच्या कप्प्यातून वर्तमानपत्र काढलं आणि त्या सारवलेल्या भुईवर पसरलं.

बायजाक्का पुढे आली. तिनं तो कागद उचलला, चार पदरी नीट घडी घातली आणि छायाच्या हातात परत दिला. आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘पाटलाच्यात खुर्चीवर पिशवी ठिवतासा. कागद न्हाय, काय न्हाय. मी आंगण झाडताना रोज बगती. आन् आमच्या भुईला कागद?’ मग छायाकडे वळून, ‘आन् तू तर आमचीच गं.’

मी समजवायला तोंड उघडलं. जंतू, संसर्ग, सगळं पाठ होतं. पण पाटलांच्या सोप्यातली ती भरतकामाची खुर्ची डोळ्यांपुढे आली. खरंच होतं. तिथं आम्ही एकदाही कागद घातला नव्हता. खुर्ची पुसलेली असायची, कव्हर धुतलेलं असायचं, आणि पाटलीणबाईंना काय वाटेल, असाही एक विचार मनात असायचा. हा दुसरा विचार बायजाक्काच्या घरात शिरताना माझ्या मनाला शिवला नव्हता. शेवंता आतल्या खोलीत निघून गेली. तिचा रक्तदाब त्या दिवशी घ्यायचा राहिला.

परतीच्या बसमध्ये छाया खिडकीकडे तोंड करून बसली होती. बसवराज माझ्या शेजारच्या बाकावर येऊन टेकला आणि त्याच्या मराठीत म्हणाला, ‘सिस्टर, ती म्हातारी खरं बोलतंय. पाटलाकडे पिशवी खुर्चीवर मीच ठेवला. तुम्ही बघत होता.’ मग तो हळू आवाजात म्हणाला, की आमच्या गावातल्या घरीही वस्तीतला माणूस आला की काय काय पसरतात आणि काय काय धुतात, ते मला माहीत आहे. मी रोज सोवळं-सोवळं म्हणून चेष्टा करत होतो, त्या आजीला ती चेष्टा खरी वाटली.

बेळगावला उतरल्यावर छाया माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘सिस्टर, मी विसरले नव्हते.’ मी म्हटलं, कळलं मला. ती म्हणाली, ‘मग मला एक सांगा. तो कागद आपण कुणाला जपायला घालतो? पिशवीला, की घराला?’

पुस्तकात दोन्ही लिहिलं होतं. पण मी शिकवताना नेहमी पिशवीच जपायला सांगितली होती. घराचं नाव माझ्या तोंडून कधी आलंच नव्हतं. छाया पुढे म्हणाली, की तिला हा कोर्सच सोडावासा वाटतोय. आईनं विड्या वळून शिकवलं ते दुसऱ्यांनी आपल्याला केलं तेच आपल्या माणसांना करायला नव्हे. मी तिला म्हटलं, एक आठवडा थांब. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाही माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी पहिलं काम मी केलं. पाटलांच्या सोप्यात शिरले, पाटलीणबाईंनी खुर्ची पुढे केली, आणि मी त्या भरतकामावर वर्तमानपत्र पसरलं. बाईंचा चेहरा उतरला. ‘आमची खुर्ची घाण हाय व्हय, बाई?’ मी म्हटलं, खुर्ची स्वच्छ आहे, पिशवी घाण आहे. ती दहा घरं फिरते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि मला सुटकेची वाट दाखवल्यासारखं म्हणाल्या, ‘खालच्या वस्तीतनं येती म्हणून घालताय न्हवं? मग बरोबर हाय.’

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सोपा राहिला असता, चहाही राहिला असता. इतर वर्षी मी बहुधा हलवलीही असती. पण छाया माझ्या मागे उभी होती. मी म्हटलं, ‘नाही वहिनी. वस्तीत जाताना ती तुमच्या घरातून जाते, म्हणून तिथंही घालतो. इथं आणि तिथं सारखाच.’

गुरुवारी सोप्याला कुलूप होतं. पाटील परगावी गेलेत, किल्ली सापडत नाही, असं सांगण्यात आलं. आमचा तळ शाळेच्या व्हरांड्यात हलला. वजनकाटा आढ्याला टांगायला जागा नव्हती, तो बसवराजनं पिंपरणीच्या फांदीला टांगला. वरच्या आळीतल्या निम्म्या बाया आल्याच नाहीत. गावात काम करायचं तर पाटलांना दुखवू नये, हा आमच्या खात्यातला अलिखित नियम. तो मी मोडला होता, आणि वरिष्ठांना काय सांगायचं हे मनात जुळवत बसले होते.

पण खरी धास्ती शेवंताची होती. बुधवार ते सोमवार मी तीनदा तिच्या दारात गेले. एकदा सांगितलं झोपलीय, एकदा रानात गेलीय, एकदा दार उघडलंच नाही. सूज घेऊन ती रानात जात असेल तर काय, या विचारानं माझं जेवण तुटलं. त्या घरात शिरून रक्तदाब घ्यायला पाच मिनिटं पुरली असती, आणि ती पाच मिनिटं मी एका कागदावर घालवली होती.

मंगळवार उजाडला. पाळी दुसऱ्या मुलीची होती, पण छाया म्हणाली, ‘पिशवी मी घेते.’ आम्ही वस्तीत गेलो तर बायजाक्का दारातच उभी. आत या म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. नुसती म्हणाली, ‘पाटलीणबाईच्या खुर्चीवर बी कागद घातलासा म्हनं.’

मी म्हटलं, ‘घातला. आधीपासून घालायला हवा होता. माझं चुकलं, आक्का. त्या पोरीचं नाही. तिला मी घालायला लावला.’ एवढं बोलायला मला किती जड गेलं, ते लिहायला आजही लाज वाटते. सहा विद्यार्थी ऐकत होते आणि मी तोवर कुठल्याच विद्यार्थ्यासमोर चुकले नव्हते.

बायजाक्का छायाकडे बघत राहिली. छायानं मग जे केलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिनं पिशवी उचलून उलटी धरली आणि बूड म्हातारीच्या डोळ्यांसमोर नेलं. सकाळपासून ती पिशवी बसच्या फळीवर, शाळेच्या व्हरांड्यात आणि दोन गोठ्यांशेजारी ठेवली गेली होती. शेण, चिखल आणि तंबाखूची भुकटी यांचा त्यावर थर होता.

छाया म्हणाली, ‘आक्का, ही बगा. ही घाण तुमच्या सारवल्याल्या भुईला लागू नये म्हणून कागद. मी पसरणार न्हाय. तुमचं घर हाय, तुमी पसरा. नको वाटलं तर मी मांडीवर घेऊन बसती.’ आणि तिनं कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

बायजाक्कानं पिशवीच्या बुडावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते तिनं मला दाखवलं. ‘लईच घाण हाय की वं बाई. आन् हे घिऊन तुमी घराघरांत फिरतासा? मग आदी सांगाया काय झालतं?’

बसवराज हसायला लागला तो थांबेना. मग म्हातारीही हसली. आमचा कागद मात्र तिनं घेतला नाही. आत जाऊन तिनं स्वतःचा आणला, जुन्या कॅलेंडरचं जाड पान, आणि शेवंताजवळ अंथरून म्हणाली, ‘ठेव.’

छायानं हात धुतले, रक्तदाबाचा पट्टा शेवंताच्या दंडाला गुंडाळला आणि पारा बघताना तिचा चेहरा बदलला. तिनं पुन्हा एकदा मोजलं. मग बसवराजकडे पट्टा दिला. त्यानं मोजलं. आकडा तोच, आणि तो वाईट होता. शेवंता म्हणाली, कालपासून डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात. छायानं स्पिरिटचा दिवा लावून लघवीची नळी धरली. वरचा भाग तापला तसा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा झाला. कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नाही. पुढची पायरी झटक्यांची होती आणि ती केव्हा येईल याचा नेम नव्हता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की एकत्र शिकवायचं म्हणजे काय. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. बसवराज हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला बसला, तर छायानं त्याला थांबवून सांगितलं, नुसतं निदान लिहू नका, प्रत्येक मंगळवारचा आकडा लिहा, म्हणजे किती वेगानं चढतंय ते तिथल्या डॉक्टरांना कळेल. तो मुकाट्यानं लिहू लागला. त्या आकड्यांमध्ये तिसऱ्या मंगळवारची जागा कोरी राहिली. बसवराजनं माझ्याकडे पाहिलं आणि तिथं एक आडवी रेघ मारली. ती रेघ माझी होती.

दुपारच्या बसला वीस मिनिटं होती. फार्मसीचा पोरगा धावत जाऊन रस्त्यात उभा राहिला आणि त्यानं ती बस फाट्यावरून वस्तीच्या तोंडापर्यंत आणवली. तो दिवस त्याच्या बढतीचा खरा. मागच्या लांब बाकावर शेवंताला डाव्या कुशीवर झोपवलं. छाया तिच्या डोक्याशी बसली, हातात कापड गुंडाळलेला चमचा. झटका आलाच तर जीभ चावली जाऊ नये म्हणून तेव्हा तो दातांत धरायची पद्धत होती. बसवराज खाली बसच्या फळीवर बसून तिची नाडी धरून होता. कंडक्टर कन्नडमधून ओरडून प्रत्येक थांब्यावर सांगत होता, की गाडी कुठं थांबणार नाही, ज्याला उतरायचंय त्यानं मागून दुसरीनं परत यावं. एकानंही तक्रार केली नाही. बायजाक्का माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ दोन दिवस राहिला.

झटका आला नाही. हॉस्पिटलमध्ये त्यांनी चिठ्ठी वाचली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि लगेच आत घेतलं. औषधांनी त्यांनी जमेल तितके दिवस रेटले आणि मग मुलगी झाली. वेळेआधीची, अगदी लहान, पण रडली. शेवंताही वाचली. ड्यूटी संपवून छाया रोज त्या वॉर्डात जाऊन बसायची. कोर्स सोडण्याविषयी ती पुन्हा बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

नर्सिंगच्या परीक्षेतला तो क्रम मी पुढच्या वर्षीपासून बदलला. पहिली पायरी ‘कागद पसरणे’ अशी होती. ती खोडून मी लिहिलं, ‘घरातल्या माणसाला पिशवीचं बूड दाखवणे व कागद त्याच्या हाती देणे.’ तपासणीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, निपाणीकडचं आहे. छाया पुढे स्वतः ट्यूटर झाली. बसवराज मुलांचा डॉक्टर झाला आणि त्याच्या दवाखान्यातल्या नर्सेस सांगतात, हात धुण्यावरून साहेब फार छळतात. पाटलीणबाईंनी सोप्याचं कुलूप काढलं ते दुसऱ्या वर्षी, आपल्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी. तेव्हा खुर्चीवर कागद आधीच पसरलेला होता. का पसरला, ते त्या बोलल्या नाहीत. सगळंच बदललं असं मी म्हणणार नाही.

पण सांगायचं आहे ते त्या तुकडीच्या अखेरच्या दिवसाचं. महिना संपून वर काही आठवडे झाले होते, मुद्दाम वाढवून घेतलेले, कारण शेवंता घरी यायची होती. ती आली त्याच सकाळी आम्ही बाळाचं वजन करायला वस्तीत गेलो. आनंदात होतो सगळेच. मुलांच्या हातात वजनकाटा, झबली, बसवराजनं आणलेला खुळखुळा. गुणांचा तक्ता मी छायाकडे धरायला दिला होता, आणि पिशवी त्या दिवशी माझ्या हातात होती. नातवंडाला बघायला जावं तशी मी आत शिरले आणि पिशवी पाळण्याजवळ टेकवायला वाकले.

‘थांबा,’ बायजाक्का म्हणाली. ‘कागद कुठाय, बाई?’

मी होते तशीच वाकलेली राहिले. आवाजसुद्धा माझाच, परीक्षेतला. कप्प्यात हात घातला तर कागद नव्हता. निघायच्या घाईत भरायचा राहिला होता. सहा जण बघत होते. मी पिशवी छातीशी धरून परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी उभी राहिले आणि म्हटलं, ‘विसरले, आक्का.’

छाया हसली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला मोकळं हसताना तेव्हाच पाहिलं. म्हातारी आतून कॅलेंडरचं पुढच्या महिन्याचं पान फाडून घेऊन आली, तिनं ते पाळण्याशेजारी सरळ करून अंथरलं, आणि मग कुठे मला पिशवी ठेवू दिली.

तो तक्ता अजून माझ्या ट्रंकेत आहे. छायाचे कापलेले पाच गुण मी त्याच दिवशी तिथंच बसून परत लिहिले आणि बाजूला सही केली. त्याखाली सहा विद्यार्थ्यांच्या नावांनंतर सातवं नाव आहे. ते माझं. अक्षर छायाचं आहे, आणि नावापुढे पाच गुण कमी आहेत.